हवेत न थांबलेला फावडा

झनक, इतकी वर्षं गावोगावच्या मंडईत दंडारीच्या खेळात तुझ्या डोक्यावर फावडा उगारला तो मी, आणि तुला मारलं भलत्याच माणसाने. या गोष्टीचा मला इतका संताप आहे की तो कोणावर काढू ते कळत नाही. भैयालालवर काढावा तर तो तुरुंगात जाऊन बसलाय. गावावर काढावा तर गाव मान खाली घालून फिरतंय. म्हणून तुझ्यावर काढतोय. मुकाट्याने ऐक. जिवंत होतास तेव्हा कधी दुसऱ्याला वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

त्या दिवशी मी मोटरीचा पार्ट आणायला गोंदियाला गेलो होतो. पोळा होऊन गेला होता, धान पोटरीत आला होता आणि आभाळ असं कोरडं की बघून शिव्या याव्यात. रोवणीच्या वेळी एकाच दिवसात सगळा पाऊस ओतून तो जो गेला तो गेलाच. तलाव अर्धा. तलावाचं पाणी ज्या दारातून शेतात सुटतं त्या तुडमाच्या अगदी खाली डुलीचंदच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि त्याने वरून मोटरही लावलेली. भैयालालची शेती पार शेवटाला. तिथवर पाणी पोचतच नव्हतं. जमीन भेगाळली, धान पिवळा पडला, आणि सकाळी भैयालाल फावडा घेऊन तलावाच्या बांधावर, पाळीवर आला. डुलीचंद तुडमापाशीच उभा होता. शिव्या झाल्या, धक्काबुक्की झाली, भैयालालने फावडा उचलला. तू बैलांना पाणी दाखवत होतास. तिथून धावत आलास आणि दोघांच्या मध्ये घुसलास.

इथपर्यंत मला तुझा अभिमान आहे. पुढचं आठवलं की दात करकरतात. तू भैयालालचा हात धरला नाहीस. तू फावड्याकडे पाठ केलीस. दंडारीत करायचास तशीच, कमरेवर हात ठेवून, पाळीवर जमलेल्या माणसांकडे तोंड करून ओरडलास, "बोला गा! हा फावडा पडू देता का थांबवता?"

आणि माणसं हसली, झनक. ढोलकीवाला बुधराम तिथेच होता, तो मला रडत रडत सांगत होता. त्याची बोटं आपोआप हातातल्या खताच्या डब्यावर वाजायला लागली होती. सगळ्यांना वाटलं, झाली सुरू. आता झनक भैयालालला थंड करणार, आता चार गोष्टी बोलल्या जाणार. सगळे उभे राहून फावडा थांबायची वाट बघत होते.

पोलिसांनी पंचनाम्याच्या वेळी विचारलं, "इतने आदमी खड़े थे, किसी ने पकड़ा नहीं?" बुधराम म्हणाला, "साहेब, आमाले वाटला दंडार चालू हाये. झनक पाठ करून उभा राहिला ना, मंग फावडा थांबतेच." त्या साहेबाने पेन खाली ठेवलं. तो बाहेरचा होता. "दंडार मतलब?" त्याने विचारलं. बुधराम माझ्याकडे बघायला लागला. मी नुकताच बसमधून उतरून आलो होतो, पार्टची पिशवी हातातच होती.

काय सांगायचं होतं त्याला? की दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते, जिलेबीच्या दुकानांच्या मागे भरदुपारी दंडार होते, पुरुषच साड्या नेसून बायका होतात, आणि आम्हा दोघांना त्यातून जगाची हवा सुधारायची होती?

नवं शतक लागायच्या आधीचं वर्ष होतं ते. कुठल्याशा संस्थेचा एक माणूस शाळेत पडदा लावून हवामान बदल समजावत होता. पृथ्वी तापते आहे, पावसाचं चक्र बिघडतं आहे, असं बरंच. चांगला माणूस होता. पण त्याच्या आलेखातली रेष वर वर जायला लागली आणि गाव घोरायला लागलं. बाहेर आल्यावर तू बिडी पेटवलीस आणि म्हणालास, "मानूस खरा बोलून राहिला, पन झोप येते गा. हे दंडारीत पायजे."

त्यातून निघाला आपला धुवांसूर. ते आठवून मला आजही हसू येतं, आणि आज हसू येणं बरं दिसत नाही, पण येतं. मी अंगाला काजळी फासून, सायकलच्या ट्यूबचं शेपूट लावून धुराचा राक्षस झालो. तू तुझ्या बायकोची, फुलवंतावहिनीची, हिरवी साडी नेसून धरतीमाता. शेवटी धरतीमाता धुवांसुराला ठार मारते, असं तू लिहिलं होतंस. पण पोरांना राक्षसच आवडला! मी गुरगुरलो की ती आनंदाने किंचाळायची. तू मला मारायला आलास तेव्हा त्यांनी तुझ्यावर ढेकळांचा मारा केला. एक ढेकूळ नेमकं तुझ्या नाकावर बसलं, साडीवर रक्त सांडलं, धरतीमातेने पोरांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि मंडई पोट धरून हसली. परतताना तू बैलगाडीत फुगून बसलास. मी "धरतीमाय, पान खाता का?" म्हटलं तर माझ्या कानाखाली वाजवलीस. मीही सोडलं नाही. बुधरामने ढोलकी मध्ये घातली म्हणून आपण वाचलो, ढोलकी फाटली.

दोन-तीन मोसम गेले. शेजारच्या गावात बोडी, म्हणजे छोटं तळं, फुटली, बांध्यांत गुडघाभर वाळू भरली, मग महिनाभर टिपूस नाही, आणि त्याच गावात पाण्यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली. तू त्यांच्या डोक्यांवरचे टाके बघून आलास. सायकल माझ्या अंगणात आडवी टाकून म्हणालास, "टेकू, राक्षस-बिक्षस नको. तुडमावर ये. जे होऊन राहिलं तेच दाखवू."

मग मी झालो मोठा भाऊ, शेवटाच्या बांधीवाला. तू धाकटा, तुडमाखालचा, पाणी अडवणारा. भांडण पेटतं, मी फावडा उचलतो, तू पाठ करतोस, ढोलकी बंद. आणि लोक बोलेपर्यंत खेळ पुढे जात नाही. आधी कोणीच बोलायचं नाही. माझे हात दुखायला लागायचे. मग एखादा म्हातारा म्हणायचा, "अरे, पानी वाटून घ्या ना." त्यावर दुसरा, "वाटते कायले? पानी हायेच कोठी?" मग बोडी बुजवून बांधी कोणी केली ते निघायचं, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून जंगल कोण पेटवतं ते निघायचं, मृगाचा पाऊस आर्द्रा उलटली तरी येत नाही, मग रोपांचे पऱ्हे टाकायचे कधी, ते निघायचं. त्या संस्थेच्या माणसाचा अख्खा पडदा लोक स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवायचे, आणि कोणाला झोप यायची नाही. माझे खांदे मात्र उतरून यायचे. तुला त्याचं काय! तू पाठमोरा.

चिचगडकडच्या त्या मंडईत तर मी मेलोच होतो. तिथला एक आडदांड गडी असला वाद घरून करूनच आला होता. मी फावडा उचलला तसा तो लाठी घेऊन चढला आणि माझ्या उजव्या हातावर पहिलाच दणका असा बसवला की हाडाचा आवाज मला ऐकू आला. मग त्याच्या भाऊबंदांना दुसऱ्या बाजूच्यांनी धरलं. दुकानांच्या काठ्या उपसल्या, कढईतला पाक सांडला, एका माणसाचे दात माझ्यासमोर मातीत पडले. मी एका हाताने दिसेल त्याला बुकलत होतो. तुझ्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि तू दुकानाच्या फळीवर चढून ओरडत होतास, "मारू नका गा, बोला! बोला!" कोण ऐकतो? दवाखान्यात माझ्या हाताला पलिस्तर चढत होतं तेव्हा तू पट्टीखालून हसत होतास. "लोक उठले ना पन, टेकू! बसून नाही राहिले!" तुला तिथेच आणखी एक ठेवून द्यावी असं वाटलं. पण महिनाभराने त्याच गावाने तुला बोलावून सांगितलं की आम्ही बोडी उपसून राहिलो. तू मला सायकलवर बसवून ती बोडी दाखवायला नेलंस. वाटभर माझा हात ठणकत होता आणि तरी मला बरं वाटत होतं, हे तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

आपला खरा वाद एकच होता. मी म्हणायचो, एकदा तरी फावडा पाडू दे. लाकडाचाच तर आहे. फेट्यात लाल रंगाची पिशवी ठेव, फुटू दे ती. रक्त दिसल्याशिवाय माणूस हलत नाही. तू मान हलवायचास. "पडला का लोक रडते ना घरी जाते. वरतं राहिला का बोलते." कचारगडच्या यात्रेत आपण दगडावर बसून चणे खात होतो, तेव्हा मी तुला गाठलंच होतं. विचारलं होतं, "आणि खरा फावडा कोणाच्या बोलण्याने थांबतो काय गा?" तू चणे चावत राहिलास. मग म्हणालास, "चाल, बस सुटते." उत्तर राहिलं ते राहिलं. यंदा पाळीवर मला उत्तर मिळालं, आणि ते माझ्या बाजूचं निघालं. असा वाद जिंकायची माझी इच्छा नव्हती रे. एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

आणखी एक मी तुला सांगून थकलो होतो, की आपल्या स्वतःच्या गावात हा खेळ करू नकोस. बाहेरची गावं बोलायची. आपलं गाव पाठ म्हणायचं. तू पाठ केलीस की सवाल पुरा व्हायच्या आत पोरं एका सुरात ओरडायची, "शेवटाच्या बांधीले पयले पानी!" त्यात डुलीचंदचा आवाज सगळ्यात मोठा. टाळ्या वाजवायचा, तुझी पाठ थोपटायचा आणि घरी जाऊन मोटर चालू करायचा. भैयालाल तिथेच बसलेला असायचा, काही न बोलता. मी म्हणायचो, झनक, इथे तमाशा होऊन राहिला. तू म्हणायचास, "हसता हसता आत जाते गा." काय आत गेलं? फावडा थांबतो, एवढंच आत गेलं. म्हणून तर सगळे उभे राहिले. मला तुझा राग येतो तो इथे. आणि इतकी आठवण येते की दुपारी जेवताना घास फिरतो.

तुला जाळून आल्यावर आम्ही भैयालालच्या घरावर गेलो. हो, मी पुढे होतो. छपराचे कवेलू फोडले, मडकी फोडली, तणसीचा ढीग पेटवून दिला. भैयालालची बायको दारात विळा घेऊन उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, "त्याइनं मारला, आता तुमी बी मारा. धान त मेलाच हाये." कोणीतरी मला मागे ओढलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही मला, उगाच आशा लावून बसू नकोस. हात अजूनही शिवशिवतात.

तेरवीनंतर मारुतीच्या ओट्यावर बैठक बसली. ठरत होतं ते एवढंच, की भैयालालच्या बांधीत पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. डुलीचंदने मांडलं, सगळ्यांनी माना हलवल्या, मी सगळ्यात जोरात. एवढ्यात फुलवंतावहिनी आली. आपल्याकडे बायका अशा बैठकीत येत नाहीत, तिला बघून माणसं सरकून बसली. ती ओट्याखाली उभी राहिली.

"पानी पयले कोनाचा?" तिने विचारलं.

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. डुलीचंद म्हणाला, "वहिनी, तुमी घरी जा. तो धान मारेकऱ्याचा होय."

"धानानं नाही मारला." तिचा आवाज चढला. "माहा घरवाला तुमाले विचारून राहिला होता तवा तुमी सारे उभेच होते ना? हसून राहिले होते. तवा नाही बोलले. आता बोला. काऊन गा बुधराम, बोलत काऊन नाही?"

बुधराम ढसाढसा रडायला लागला. आणि मग, झनक, गाव बोललं. पाठ केलेलं नव्हे. बुधरामने पहिल्यांदा सगळ्यांसमोर डुलीचंदच्या मोटरीचं नाव घेतलं. डुलीचंदने त्याची गचांडी धरली, मी डुलीचंदला ओट्यावरून खाली फेकलं, दोन-चार जण एकमेकांच्या उरावर बसले. उठून अंग झटकून पुन्हा बोलायला लागले. कोणाच्या आज्याने बोडी बुजवली, कोणी तलावाच्या पोटात उन्हाळी धान लावला, पाऊस आता असाच येणार तर पुढच्या साली काय करायचं, सगळं निघालं. कंदील आणावा लागला. शेवटी ठरलं की पावसाने ओढ दिली की मोटरी बंद, आणि पाणी शेवटाच्या बांधीपासून सुरू. तू गावोगाव हेच मागत फिरलास. आपल्या गावात त्यासाठी तुझं प्रेत लागलं, हे मी कोणाला माफ करणार नाही, तुलाही नाही.

पाण्याचा पहिला नंबर अर्थातच भैयालालच्या बांधीचा, आणि पाणी न्यायला कोणी तयार होईना. मी गेलो. तुडूम उघडलं, पाण्याच्या मागे मागे फावडा घेऊन चालत राहिलो, जिथे फुटेल तिथे माती मारत. त्याच्या बांधीत पाणी शिरलं तेव्हा भेगा बुडबुडायला लागल्या. भैयालालची बायको बांधीच्या धुऱ्यावर उभी होती. तिने आभार मानले असते तर मी तो धुरा फोडून पाणी नाल्यात सोडलं असतं, इतका कडवटपणा होता माझ्या तोंडात. आता तिचा धान निसवलाय, लोंब्या बाहेर पडल्यात. शेंडा पिवळा आहे, पण दाणा भरेल असं वाटतं.

आता आठ दिवसांवर दिवाळी आहे आणि मंडईवाले विचारून राहिलेत, की यंदा येता का? बुधराम म्हणाला, ढोलकीला हात लावणार नाही. गाव म्हणालं, पुरे झाली ती दंडार. मलाही तेच वाटत होतं. तुझ्या जागी उभं राहायला तसाही कोणी तयार नव्हता. माझ्या फावड्याकडे पाठ करायची आता कोणाची छाती होत नाही, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही.

वहिनीने ते ऐकलं आणि म्हणाली, "मी उभी राहतो."

मी तिच्या अंगणात उभा राहून आरडाओरडा केला. दंडारीत बाई? तीही विधवा, तीही या खेळात? लोक काय म्हणतील, तुमच्या लेकी काय म्हणतील, सगळं बोलून घेतलं. ती सुपात धान पाखडत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "माही साडी नेसून गडी नाचला तवा चालला. आता साडीवाली खुद्द उभी राहते त नाही चालत?" यावर तू असतास तर हसला असतास. मी निघून आलो, आणि अर्ध्या वाटेतून परत जाऊन बुधरामला उचलून आणलं.

काल दुपारी शाळेच्या पटांगणात तालीम घेतली. सुट्टी होती, फाटकापाशी काही माणसं येऊन उभी राहिली, त्यांत डुलीचंदही होता, तोंडावर खरचटल्याची खूण घेऊन. ती तुझे शब्द न अडखळता बोलली. सगळे तिला पाठ आहेत, इतकी वर्षं ती घरातून ऐकत होती हे आपल्या दोघांच्या कधी लक्षातही आलं नाही. मग तिने पाठ केली आणि माणसांकडे बघून विचारलं. बुधरामची ढोलकी थांबली. मी फावडा उचलला होता. माझ्यासमोर तिचा पांढरा पदर, त्याखालचं डोकं, आणि फाटकापाशी एकजात उभं गाव. कोणी हसलं नाही. कोणी काही बोलेना. माझ्या डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं, आवाज दाबता येईना. फावडा खाली यायला लागला. तो मला खाली टाकून द्यायचा होता आणि पळून जायचं होतं.

तिने वळून पाहिलं नाही. तशीच पाठमोरी हळूच म्हणाली, "भाऊजी, हात वरतं ठेवा. लोक अजून बोलले नाही."